बावीस नंबरची कोरडी विहीर

"सांगितलं तर तुमच्यापैकी कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही," असं म्हणत अण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि थर्मासचं झाकण फिरवलं.

आजवर कुणाला सांगितलं नाही, ही त्या सकाळची पहिली थाप. बावीस नंबरच्या विहिरीची गोष्ट त्यांनी तीस वर्षांत घरी सांगितली होती, दारी सांगितली होती, दवाखान्याच्या रांगेत सांगितली होती आणि एकदा तर दाढ काढायला गेले असता अर्ध्या बधिर तोंडानं दाताच्या डॉक्टरला सांगितली होती. ऐकणारा बदलायचा, विहीर तीच. तिची खोली मात्र दर खेपेला थोडी वाढायची. अण्णांच्या तोंडात ती अजून खणली जात होती म्हणा ना.

आज मात्र नुसतं तोंडसुख घेण्याचा दिवस नव्हता. ज्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये ते बसले होते, ती संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती. शेडला सगळे खडकघर म्हणत. तेलासाठी जमीन खणताना मधूनमधून पोकळ नळी खाली सोडून खडकाचा अखंड दांडा वर काढतात, दुधाच्या बाटलीएवढा जाड आणि पाच-दहा मीटर लांब. त्याचे तुकडे मीटर-मीटरच्या लाकडी खोक्यांत ओळीनं ठेवतात, म्हणजे शंभर वर्षांनीही कोणाला पाताळात डोकवावंसं वाटलं तर इथं यावं आणि झाकण उघडावं. अशी हजारो खोकी इथं छताला टेकली होती. नव्या इमारतीत मांडण्या निम्म्याच होत्या. म्हणून ज्या विहिरींतून तेल निघालं त्यांची खोकी नव्या घरी जाणार, आणि ज्या कोरड्या निघाल्या त्यांच्या खोक्यांवर लाल चिठ्ठी लागून ती ट्रकमध्ये जाणार. ट्रक दारात उभा होता. पलीकडे एका रस्त्याचं भरावाचं काम चालू होतं, तिथं खडक कोणत्या विहिरीचा हे कोणी विचारत नाही.

लाल चिठ्ठ्यांवर सही करायची होती सूनबाईला. ती या खडकघराची प्रमुख खडकतज्ज्ञ. अण्णा तिचे सासरे, आणि ऑफिसच्या कागदावर तिच्या हाताखालचे कंत्राटी रखवालदार. एके काळचे नावाजलेले ड्रिलर, पण निवृत्तीनंतर त्यांना इथं ठेवून घेतलं, कारण कोणतं खोकं कुठं आहे याबाबत यादी एक सांगायची आणि अण्णांचं डोकं दुसरं, आणि दर वेळी डोकं बरोबर निघायचं. घरी ती त्यांना चहा विचारायची आणि इथं ते तिला मॅडम म्हणायचे, तेही अशा आवाजात की तिला हसू दाबायला फाइल तोंडापुढे धरावी लागे.

आणि कोणत्या खोक्यावर लाल चिठ्ठी लावायची, ही यादी केली होती सूनबाईच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांच्या व्याह्यांनी. तेही याच ऑफिसात आयुष्यभर खडकतज्ज्ञ होते आणि आता सल्लागार म्हणून बोलावले होते. ते समोरच्या स्टुलावर ताठ बसले होते, मांडीवर यादी, यादीवर पेन्सिल, पेन्सिलीवर टोपण.

या व्याह्यांना सगळं ऑफिस उतारवाले म्हणायचं. त्यांनी तरुणपणी एक आलेख काढला होता. डावीकडून एक डोंगर चढत येतो, मधे शिखर, आणि मग उजवीकडे उतार, तो थेट कागदाच्या तळाला. कोणत्या वर्षी किती तेल सापडलं याचा तो डोंगर. माणूस त्या आलेखासारखाच झाला होता. सपाट रस्त्यावरही सायकलचा ब्रेक धरून जायचे.

मुलांचं लग्न ठरवायला दोन्ही घरं पहिल्यांदा बसली तेव्हा तारीख, हॉल, पाहुणे हे सगळं दहा मिनिटांत उरकलं आणि उरलेले तीन तास दोघे व्याही तेल कधी संपणार यावर भांडले. तेव्हापासून दर रविवारी तोच कार्यक्रम. उतारवाल्यांचं म्हणणं असं, की मोठमोठी तेलक्षेत्रं आपल्या आज्यांच्या काळातच सापडून गेली. नंतर सापडलं ते दर दशकाला आणखी कमी, आणखी खोल, आणखी महाग. आपण घागरीनं जाळतो आणि चमच्यानं शोधतो. जे सापडलंच नाही ते काढणार कुठून? आज शोधाला उतार लागला म्हणजे उद्या उपशाला लागणार, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं.

यावर अण्णा म्हणत, आपण नोकरीला लागलो तेव्हा तेल तीस वर्षांत संपणार होतं. लग्न झालं तेव्हाही तीसच. निवृत्त झालो त्या दिवशी मुद्दाम विचारून आलो, तर तीसच. जगात वय न वाढणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे तेलाची मुदत. तेल संपत नाही, खणणाऱ्याचा दम संपतो.

"व्याहीबुवा, पातेल्याचा तळ खरवडून निघालेल्या भातानंही पोट भरतं," उतारवाले सांगत. "पण म्हणून पातेलं भरलेलं असतं असं नाही."

"पातेलं पाहिलंय कोणी? तुम्हाला तर झाकण उचलायचाच कंटाळा," हे अण्णांचं उत्तर.

सूनबाई बॅटरीवरच्या स्कूटरवरून ऑफिसला यायची. एका रविवारी ती एवढंच म्हणाली होती की तुम्ही दोघं वाढणारे भांडताय, पण भांडं रिकामं व्हायच्या आधी जेवणारेच उठून गेले तर? त्यावर दोन्ही व्याह्यांचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं. तिला अजून काही कळत नाही, यावर.

तर त्या आलेखात अगदी उजवीकडे, उताराच्या टोकाला एक बारीक फुली होती. ती बावीस नंबरची विहीर. त्या सगळ्या पट्ट्यातली शेवटची आशा. ती कोरडी निघाली आणि त्यानंतर तिकडे कोणी कुदळसुद्धा मारली नाही. उतारवाले त्या फुलीवर बोट ठेवून म्हणायचे, इथं वाद संपतो. अण्णा म्हणायचे, इथंच तर सुरू होतो, बावीसखाली तेल आहे. कशावरून, असं विचारलं की अण्णा मूग गिळून बसत, आणि अण्णांसारखा माणूस मूग गिळतो म्हणजे मूग फारच मोठा असला पाहिजे.

होताही. त्या दिवशी खरं काय घडलं ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस आता थर्मासमधून चहा ओतत होता.

तीस वर्षांपूर्वी त्या विहिरीतून नऊ मीटरचा दांडा वर आला. वरचे सहा मीटर अण्णांनी स्वतः सहा खोक्यांत नीट भरले. खालचे तीन मीटर एका लांब ताटलीत होते. ताटली दोन माणसांनी उचलायची असते. अण्णांनी एकट्यानं उचलली आणि तीही एका हातानं, कारण दुसऱ्या हातात चहाचा कप होता. विहिरीच्या तोंडाभोवती चिखल. पाय सरकला. कप वाचला. ताटलीतले चौदा तुकडे चिखलात चहूकडे गेले.

अण्णांनी डोळ्यांत तेल घालून ते गोळा केले, धुतले, आणि कोड्याचे तुकडे जुळवावेत तसे जुळवले. जुळलेही छान. फक्त पहिला तुकडा सहाव्या खोक्यातल्या शेवटच्या तुकड्याशी बसेना, तेव्हा त्याचा कोपरा त्यांनी हातोडीनं बसवला. मग वर कोणतं आणि खाली कोणतं हे कायमचं कळावं म्हणून दांड्यावर दोन रेघा मारायची पद्धत असते, उजवीकडे लाल, डावीकडे काळी. त्या त्यांनी इतक्या सरळ मारल्या की खडकालाही वाटावं, आपण जन्मापासून असेच आहोत.

मग खडकतज्ज्ञ आले, म्हणजे तरुण उतारवाले. विहिरीत सोडायचं मोजणीचं यंत्र वाटेतच अडकून बसलं होतं, तेव्हा निर्णय काय तो या नऊ खोक्यांवर होता. आणि नेमका तेव्हाच निरोप आला की त्यांच्या बायकोला बाळंतपणासाठी दाखल केलंय. एक पाय जीपमध्ये ठेवून त्यांनी शेवटची तीन खोकी वाचली. सात नंबरच्या खोक्यात वाळू चांगली भरड, आठमध्ये बारीक, नऊमध्ये जवळजवळ चिकणमाती. वाळू संपली, पुढे खणण्यात अर्थ नाही, विहीर बुजवावी, असं लिहून ते गेले. संध्याकाळी त्यांना मुलगी झाली. तीच ही सूनबाई.

आणि संध्याकाळीच अण्णांना दिसलं. नळीच्या तळाशी दात असलेली एक कडी असते. दांडा वर येताना ती त्याला धरून ठेवते आणि सगळ्यात खालच्या तुकड्यावर तिचे ओरखडे उमटतात. ते ओरखडे नवव्या खोक्याच्या शेवटी हवेत. ते होते सातव्याच्या सुरुवातीला. तिन्ही खोकी शेंडा खाली आणि बुंधा वर अशी भरली गेली होती. म्हणजे खाली जाताना वाळू बारीक होत नव्हती, भरड होत होती. ती संपत नव्हती, सुरू होत होती. अण्णा धावले, पण विहिरीत सिमेंट जाऊन दोन तास झाले होते.

त्या वाळूखाली तेल असेल का? देव जाणे. पाणीही असेल. अण्णांना इतकंच ठाऊक होतं, की उताराच्या टोकावरची ती फुली त्यांच्या चहाच्या कपानं काढलेली आहे. दर रविवारचा वाद जिंकायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तोंडाबाहेर पडलं की जिंकणारा शहाणा उरतच नव्हता. चाळीस वर्षं ज्यानं एक तुकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही अशी ज्याची ख्याती, त्याचं तेलही गेलं असतं, तूपही गेलं असतं.

म्हणून तीस वर्षं त्यांनी खोकी जपली आणि तोंड दाबलं. कोणीतरी, कधीतरी, आपण नसताना, झाकण उघडेल आणि बघेल, असा हिशेब. तो हिशेब आज ट्रकवर चढायला निघाला होता. बावीसची नऊही खोकी टेबलावर ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर लाल चिठ्ठी, आणि सूनबाई सही करण्यापूर्वी नियमाप्रमाणे एकेक झाकण उघडून बघत होती. खोकी वाचवायची आणि अब्रूही वाचवायची, तर अण्णांच्या भात्यात एकच बाण होता. तो त्यांनी काढला.

ते म्हणाले, बावीसची विहीर साधीसुधी नव्हती. तिथला वारा असा, की खणायचा तो उंच लोखंडी मनोरा रोज दुपारी वाकून जमिनीला डोकं टेकवायचा. आपण त्याच्या शेंड्यावरच्या चाकाला तेल घालायला कधी शिडी चढलोच नाही, दुपारपर्यंत थांबायचो आणि उभ्या उभ्या घालायचो.

उतारवाल्यांनी पेन्सिलीचं टोपण काढलं आणि पुन्हा घातलं. त्यांच्या हिशेबात ही टीका होती.

सूनबाईनं पहिलं खोकं उघडलं, फवारणीच्या बाटलीनं खडकावर पाणी मारलं. ओला झाला की खडक बोलतो असं ती म्हणायची. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं.

अण्णांनी आवाज चढवला. खोली तर अशी, ते म्हणाले, की वरून नळ फिरवला सोमवारी तर खालच्या टोकाला कळायचं बुधवारी. एकदा आठवड्याची सुट्टी लागली, सगळे घरी गेले, आणि परत येऊन बघतात तर मागच्या हुकमावर विहीर आपली आपण चार मीटर खणून बसलेली. आणि खालून येणारा चिखल इतका कढत, की स्वयंपाक्यानं सहा महिने चूल पेटवली नाही. अंडी त्यातच उकडायचा.

"अंड्यांची चव कशी होती?" उतारवाल्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

जरा खडकाळ, पण मीठ लागत नव्हतं, असं अण्णांनी सांगितलं. कारण खाली जुना समुद्र होता. दांडा वर आला तेव्हा त्याला कान लावला तर लाटा ऐकू येत होत्या. भरती कोणती, ओहोटी कोणती, हेसुद्धा कळत होतं.

चौथं खोकं, पाचवं, सहावं. बाहेर हमालांनी ट्रकचं फळकूट खाली पाडलं, त्याचा दणका शेडभर घुमला. अण्णांच्या हातातला चहा हिंदकळला, पण गोष्ट हिंदकळली नाही. सातव्या खोक्याचं झाकण निघताना त्यांनी बघितलं आणि बोलण्याचा वेग वाढवला. आता खोकी शहरात आणायची होती ना. रस्ता असला की खड्ड्यांच्या मधे मधे रस्ता होता. दुसऱ्या कोणावर भरवसा नाही, म्हणून आपण नऊही खोकी एकामागून एक मांडीवर घेऊन आलो, नऊ खेपा केल्या. गाडी इतकी सावकाश हाकली की एका कासवानं मागून हॉर्न दिला, बाजूनं पुढं गेलं, आणि जाता जाता वळून असं बघितलं की ड्रायव्हर लाजेनं दोन दिवस जेवला नाही.

"कासवाला हॉर्न," उतारवाले म्हणाले, आणि यादीच्या समासात त्यांनी खरोखरच एक बारीक फुली मारली.

पण अण्णांचं लक्ष सूनबाईकडे होतं. तिची त्यांच्याकडे पाठ होती. सातव्या खोक्यावर तिनं पाणी मारलं, पुसलं, पुन्हा मारलं. गळ्यात अडकवलेलं भिंग डोळ्याला लावलं. मग आठव्याकडे गेली. मग नवव्याकडे, मग परत सातव्याकडे. फवारणीची बाटली तिनं खाली ठेवली. मग ती सातव्यावर आणखी खाली वाकली. अण्णांना वाटलं, आता काय होईल ते होवो, निदान कासवाऐवजी ससा घ्यायला हवा होता.

तिनं सरळ उभं राहून सातव्या खोक्यावरची लाल चिठ्ठी सोडवली. मग आठव्याची. मग नवव्याची. मग मागे जाऊन पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्या सोडवल्या आणि एकत्र दुमडून खिशात टाकल्या.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. भांडंही मोठं होतं. बावीस वाचली. तीस वर्षांची पोटातली गाठ सुटली, आणि तीही कोणाला न कळता, निव्वळ जिभेच्या जोरावर. उतारवाले उठून उभे राहिले होते. यादीत बावीस स्पष्ट आहे, कोरडी आहे, तीस वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही, मग चिठ्ठी काढायचं कारण काय, असं त्यांनी मुलीला विचारलं. सासऱ्याच्या लोणकढ्या थापांवर सरकारी मांडण्या भरायच्या का, असंही विचारलं.

जिंकल्यावर माणसानं गप्प बसावं. हे अण्णांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी त्या क्षणी आठवलं नसतं. मुलगी उत्तर द्यायच्या आतच ते खुर्चीतून उठले, टेबलापाशी आले आणि शेवटच्या तिन्ही खोक्यांवरून तळहात फिरवत व्याह्यांना म्हणाले, "अहो कारण काय विचारता? असा दांडा दुसरा दाखवा. विहिरीतून निघाला तेव्हापासून यातला एकही तुकडा केसभर हललेला नाही. निसर्गानं ठेवला तसा मी खोक्यात ठेवला."

सूनबाईनं भिंग डोळ्यावरून काढलं आणि पदरानं पुसलं. आधी तिनं वडिलांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते फाइलीमागचं हसू होतं, पण आज हातात फाइल नव्हती.

"अण्णा, मनोरा वाकला, चालेल. विहीर सुट्टीत आपली आपण खणली गेली, तेही चालेल, कासवाचं तर मी काही बोलतच नाही. पण एकही तुकडा हलला नाही, ही थाप आहे. समुद्राच्या तळातले किडे वरून खाली बिळं खणतात, आणि तळाचा खडक झाला तरी बिळांच्या खुणा राहतात. सहा खोक्यांतले सगळे तसेच खणतायत आणि या तिन्हींतले झाडून सगळे आभाळाकडे निघालेत. सात, आठ, नऊ तुम्ही उलटी भरलीत."